बर्फाच्या जहाजावरचा माणूस

आमच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी यायचं, मग सरबत, आणि सरबताचा पेला अर्धा व्हायच्या आत आमचा अमेरिकन यायचा. त्याला अब्बा आणायचे. पाहुणा कुणीही असो, साइटवरचा नवा इंजिनिअर, नाहीतर गावाकडून नुकताच आलेला एखादा एसी मेकॅनिक, अब्बा सोफ्यावर जरा पुढे सरकून बसत आणि विचारत, "आमचं आडनाव ऐकलंत ना, मिरकानी? कोकणात असं आडनाव दुसरं सापडायचं नाय. ते अमेरिकनचं झालंय." मग पाहुण्याला विचारावंच लागे, की ते कसं काय.

गोष्ट अशी होती. आगगाड्यांच्याही आधी मुंबईला अमेरिकेहून बर्फ यायचा. तिकडची गोठलेली तळी करवतीनं कापायची, लाद्या लाकडाच्या भुशात पुरायच्या आणि जहाजात भरून अर्ध्या जगाला वळसा घालून मुंबईत आणून विकायच्या. ही बर्फाची गोष्ट खरी आहे, पुढे मी स्वतः वाचून खात्री करून घेतली, पण लहानपणी मला तीच सगळ्यांत खोटी वाटायची. तर असं एक जहाज वाऱ्यानं भरकटून आमच्या खाडीच्या तोंडापर्यंत आलं. त्यावरचा एक तरुण खलाशी पाण्यात पडला की त्यानं उडी मारली, ठाऊक नाही, पण आमच्या गावच्या किनाऱ्याला लागला. महिनाभर तापात होता. बरा झाला तेव्हा जहाज निघून गेलेलं. मग तो राहिलाच. कलमा पढला, लग्न केलं, मचवे बांधायला शिकला. अमेरिकन म्हणायला कुणाची जीभ वळेना, म्हणून त्याचा झाला मिरकान, आणि त्याच्या घराचे आम्ही मिरकानी. पाहुणा साधा असला तर गोष्टीतला माणूस खलाशीच राही. पाहुणा टाय लावून आलेला असला की तो कप्तानाचा पुतण्या व्हायचा, आणि एकदा दूतावासातला कुणी कारकून जेवायला आला होता तेव्हा तर स्वतः कप्तान झाला होता.

अम्मी हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायची. तिचं माहेर खाडीच्या पलीकडच्या गावातलं, समोरासमोर, होडीनं गेलं तर भाकरी भाजून होईपर्यंत पोचावं इतकं जवळ, पण अब्बांच्या गावाबद्दल बोलताना ती परमुलखाबद्दल बोलल्यासारखी बोलायची. "बर्फ विकायला आला आणि स्वतःच विरघळला," ती म्हणायची. "तुमच्यात खलाशी, नाखवा, कोण ना कोण वाहूनच येतो. आमच्यात सगळे चालत आलेले."

आम्ही तेव्हा आखातातल्या एका शहरात, बिन महमूद नावाच्या वस्तीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. खाली करकची, म्हणजे कडक दुधाळ चहाची टपरी होती. लोक गाडीतून उतरत नसत, हॉर्न वाजवत आणि चहा खिडकीशी यायचा, त्यामुळे दुपार सोडली तर दिवसभर हॉर्न. त्यावर घरातल्या जुन्या एसीची घरघर, आणि त्या सगळ्यावर पाच वेळा आजूबाजूच्या मशिदींतून एकामागोमाग एक, किंचित मागेपुढे सुटलेली अजान. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून अब्बा परत येईपर्यंत तांदळाच्या भाकऱ्यांची चळत उभी असायची, आणि सुरमईचं नारळाच्या दुधातलं कालवण. सुकट गावाहून यायची, सात पिशव्यांत गुंडाळून, आणि भाजायची वेळ आली की अम्मी आधी जिन्यात डोकावून शेजारची लेबनीज बाई बाहेर गेली का ते बघायची. माझी मोठी बहीण शाहीन, तिला मी बाजी म्हणायची, एका नर्सरीत शिकवत होती. मी शाळेत होते, वय तेरा-चौदा. घरात सगळे आमच्या कोकणीत बोलायचे आणि मी जबाब इंग्रजीत द्यायची. "हीच खरी मिरकानाची," अम्मी म्हणायची.

मला त्या पूर्वजाचं काय करायचं ते कळत नसे. शाळेत एकदा मी सांगून टाकलं की आम्ही पार्ट अमेरिकन आहोत. वर्गात टेक्ससची एक मुलगी होती. तिनं सहज विचारलं, "कुठला पार्ट?" ती अमेरिकेतल्या मुलखाबद्दल विचारत होती, हे दोन तासांनी माझ्या लक्षात आलं. मी मात्र तेव्हा गोंधळून स्वतःच्या हातांकडे बघितलं होतं. त्या दिवशी घरी येऊन आरशात मी कान, नाक, हनुवटी सगळं तपासलं. अब्बांचा चेहरा आठवला, बाजीचा आठवला. अब्बा काळेसावळे, कुरळ्या केसांचे, बाजी तशीच. अम्मीकडे बघायचं मला सुचलंही नाही.

पहिला धक्का बसला तो इमारतीच्या मालकांच्या वडिलांकडून. आम्ही त्यांना बडे शेख म्हणायचो. हिवाळ्याच्या दुपारी ते खाली उन्हात खुर्ची टाकून बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांशी जुन्या मुंबईची उर्दू बोलत, कारण पोरवयात ते वडिलांबरोबर मोती विकायला मुंबईला जात. अब्बांनी त्यांनाही गोष्ट ऐकवली. म्हातारा शांतपणे ऐकून घेत होता. मग त्यांनी स्वतःच्या बाहीचं कापड चिमटीत धरलं आणि हसले. "मिरिकानी? वो तो कपडा है, बाबा. मोटा, सफेद. मेरी माँ उसी के कुर्ते सीती थी. किश्ती का पाल भी उसी का." अमेरिकेतून कधीकाळी हे कुर्त्यांचं, शिडांचं जाडंभरडं कापड जगभर गेलं, म्हणून त्याला आखातातल्या बंदरांवर तेच नाव पडलेलं. "तुम्हारे दादा कपडा बेचते होंगे," ते म्हणाले आणि अब्बांच्या खांद्यावर प्रेमानं थोपटलं. मी शेजारीच उभी होते. अब्बा वर आले, बूट काढले आणि बराच वेळ बुटांकडेच बघत राहिले. अम्मीला कळल्यावर ती इतकी हसली की तिला ओढणीनं डोळे पुसावे लागले.

हसणं तिथंच संपलं असतं, पण त्याच सुमारास बाजीसाठी मुकादमांकडून विचारणा आली. मुकादम आमच्याच भागातले, पण मोठे लोक. अल दुहैलला कंपाउंडमध्ये व्हिला, दारात दोन गाड्या. मुलगा इम्रान आयटीत, बोलायला गरीब, बाजीला तो आवडला होता असं मला वाटतं. आजोबा गावाहून येऊन त्यांच्याकडे राहिले होते. सगळे त्यांना बडे अब्बा म्हणत, आणि खाडीच्या दोन्ही काठांवरच्या कुठल्या घराचं मूळ कुठलं हे त्यांना तोंडपाठ असतं, असा त्यांचा लौकिक. पहिल्या भेटीत त्यांनी अब्बांना विचारलं, "मिरकानी म्हंजे त्या खलाशाचं घर ना?"

शब्दांत काही वाईट नव्हतं. पण "खलाशाचं" हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की खोलीतल्या सगळ्यांनी एकदम बशांकडे बघितलं. अब्बा पुढे सरकून बसले, गोष्टीसाठी बसायचे तसे, आणि ते तोंड उघडणार एवढ्यात अम्मी म्हणाली, "नाय हो. लोक काय वाटेल ते बोलतात. कापडाचे व्यापारी होते ते. मिरकानी कापड. इथल्या शेखांना पण ठाव हाय."

बडे अब्बांनी मान हलवली. व्यापारी त्यांना चालत होते.

घरी जायला गाडीत बसलो. एका सिग्नलला अब्बा पुढे बघत म्हणाले, "झैनब, तू माझा पूर्वज बदललास."

"मी पोरीचं बघितलं," अम्मी म्हणाली.

"पोरीचा पण तो पूर्वजच हाय ना?"

बाजी खिडकीतून बाहेर बघत होती. मी मागे तिच्या शेजारी बसून विचार करत होते, की एका माणसाचं कापड कसं होतं, आणि झालं तर मग गावात ज्याची कबर आहे म्हणतात तो कोण. विचारलं असतं तर दोघांनी दोन उत्तरं दिली असती. मी विचारलं नाही.

अब्बा एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. त्यांच्या प्रोजेक्टवर कॅरल नावाची एक अमेरिकन प्लॅनर होती, साठीला टेकलेली, पांढऱ्या केसांची एक जाड वेणी घालणारी. तिला आपल्या घराण्याचे धागे शोधायचा नाद होता. सुट्टीत ती दफनभूम्या फिरायची. अब्बांनी तिला गोष्ट सांगितली, आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या माणसानं हसण्याऐवजी प्रश्न विचारले. जहाज कुठल्या बंदरातून निघालं होतं? माणसाचं नाव काय? मुलं किती? अब्बांना एकाचंही उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं गोष्ट सांगून त्या माणसाचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं, असं त्यांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं. त्यांचा आवाज वेगळाच लागला होता.

कॅरल द पर्ल नावाच्या समुद्रालगतच्या वस्तीत, उंचावरच्या फ्लॅटमध्ये राहायची. आम्ही सगळे गेलो. खाली ओळीनं नांगरलेल्या पांढऱ्या बोटी, आणि अम्मी खिडकीपासून लांब, भिंतीला धरून बसलेली, कारण एवढ्या उंचीवर तिला गरगरायचं. कॅरलनं थुंकीवरून वंश तपासायचे दोन संच मागवले होते. नवरा-बायको दोघांचं तपासलं की मुलींना काय कुणाकडून आलं ते नीट कळतं, असं तिचं म्हणणं. सुट्टीवर गेली की ती ते तिकडे प्रयोगशाळेला धाडणार होती. अब्बा लगेच तयार. त्यांना मुकादमांसमोर पुरावा ठेवायचा होता. अम्मी म्हणाली, "परक्या बाईच्या घरात जाऊन थुंकू?" पण मग तिनंही नळी उचलली. तिला खात्री होती की अब्बांच्या नळीत काहीही निघणार नाही आणि हा विषय एकदाचा खलास होईल. ती न्हाणीघरात गेली, दार लावून घेतलं, आणि नळी ओढणीत लपवून बाहेर आली. कॅरलनं टोपणांवर दोघांची नावं लिहिली. अब्बा नळीकडे असे बघत होते, की जणू आतून कुणीतरी हात हलवणार आहे.

तो उन्हाळा फार लांबला. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, करकवालासुद्धा आत सावलीत जायचा. मुकादमांकडून निरोप आला की उन्हाळा सरला की बोलणी पक्की करू, इन्शाल्ला. बाजीनं इम्रानचा मेसेज आला की फोन उलटा करून ठेवायची सवय लावून घेतली होती. अब्बा कामावरून आले की फोनवर जुन्या जहाजांची चित्रं बघत बसायचे. मला दाखवायचे, "बघ, असा असेल." मी बघायची. तीन डोलकाठ्या, शिडं, आणि डेकवर टाचणीच्या टोकाएवढी माणसं. त्यातला आमचा कुठला, ते मला कधी समजलं नाही, आणि अब्बा मात्र खुशाल बोट ठेवायचे.

कॅरल परत आली आणि एका शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आली. येताना लॅपटॉप घेऊन आली होती, पण तो तिनं पिशवीतून काढला नाही. आधी जेवू या, म्हणाली. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाशी बसून तिनं भाकरी तोडायला शिकून घेतलं, कालवणाची तारीफ केली, पण अब्बांकडे वर मान करून बघेना. अम्मीला वाटलं, तिखट झालं. मला तेव्हाच वाटून गेलं की निकाल नकाराचा आहे. आणि तो तसा होताही, पण अर्धाच.

हात धुऊन झाल्यावर कॅरल म्हणाली, "इब्राहिम, मी हे तीन वेळा तपासलं. पहिल्यांदा वाटलं की टोपणांची अदलाबदल झाली. पण एक नमुना पुरुषाचा आहे आणि एक बाईचा, ते त्यांना कळतं. अदलाबदल झालेली नाही." मग तिनं पडदा आमच्याकडे वळवला. अब्बांच्या नावापुढे सगळा किनारा होता, आपला पश्चिम किनारा, थोडा अरबस्तान, थोडी आफ्रिका. अमेरिकेचं, विलायतेचं, काही म्हणजे काही नव्हतं. अम्मीच्या नावापुढेही तोच किनारा होता, आणि त्यात एक बारीकसा वेगळा तुकडा. आणि त्या तुकड्यावरून जुळणारी, लांबच्या नात्यातली माणसं होती, अमेरिकेत, एकाच किनाऱ्यावरच्या आसपासच्या गावांतली. त्यांतल्या तिघांचं आडनाव एक होतं. ते मी इथं मुद्दाम लिहीत नाही, ती माणसं हयात आहेत आणि त्यांनी आम्हाला कधी बोलावलेलं नाही.

अम्मीला इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. तिनं माझ्याकडे बघितलं. एरवी सगळ्याला इंग्रजीत उत्तर देणारी मी, मला तेव्हा आमच्या भाषेत ते सांगायला शब्द शोधावे लागले. मी म्हणाले, "अम्मी, अमेरिकन हाय. पण तो अब्बांचा नाय. तुझा हाय."

"माझा?" अम्मी म्हणाली. "माझा कशाला?"

खाली एक गाडी हॉर्न देत होती. अब्बांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन स्वतःच्या नावापुढचा नकाशा बघू लागले, बारीक अक्षरात काही राहून गेलं असेल म्हणून. अम्मी उठली आणि दस्तरखान गोळा करायला लागली. ती दोन टोकं जुळवायची आणि तिला ती जुळेनात. मी तिच्याकडे बघत होते. पहिल्यांदाच नीट बघत होते. तिचे डोळे घारे होते. ते नेहमीच घारे होते. आमच्या भागात किती जणांचे असतात, त्यात काय बघायचं, असंच आम्हाला वाटत आलेलं.

कॅरलनं आणखी एक गोष्ट दाखवली. त्या आडनावाच्या घराण्यातला नेथन नावाचा एक मुलगा बर्फाच्या जहाजावर गेला होता आणि परत आला नव्हता. गावच्या दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे, तिनं स्वतः जाऊन फोटो काढला होता. शेवाळलेला, एका बाजूला कललेला दगड. खाली फक्त इतकं, की समुद्रात हरवला. दगडाखाली कुणी नाही. "हाच तुमचा माणूस, असं मी म्हणत नाही," कॅरल म्हणाली. "असू शकतो, इतकंच."

"आईबाप होते त्याचे?" अम्मीनं विचारलं. मी भाषांतर केलं.

"आई होती. दगड तिनं बसवला, असं दिसतं."

अम्मी म्हणाली, "त्यानं एक निरोप धाडायला नको होता काय?" आणि तिला एकदम राग आला, जणू ते काल घडलं होतं.

संध्याकाळी तिनं माहेरी तिच्या खालाला, म्हणजे मावशीला, व्हिडिओ कॉल लावला. त्या घरात इतकं जुनं माणूस तेवढंच उरलं होतं. तिला व्हिडिओचं तंत्र कधी जमलं नाही, ती फोन कानालाच धरायची, त्यामुळे आम्हा चौघांना पडद्यावर फक्त तिचा कान दिसत होता, भोकं लोंबलेला, चांदीची बाळी घातलेला. कान म्हणाला, "त्या मिरकानाच्या घरातली पोरगी आपल्यात दिलेली, हा खरा हाय. माझ्या आजीची आजी का पणजी, कोण ते नाय सांगता येत. गोरी होती का काळी, मना काय ठाव?"

"मग त्या घरात राहिले ते कोण?" अब्बांनी विचारलं. ते सहसा सासरच्या फोनवर बोलत नसत.

कान म्हणाला, "त्याला एकच पोरगी होती म्हणायचे. पोरगा वाढवलेला. होडी बुडालेली, तांडेल गेला, त्याचा पोरगा त्यानं घरात घेतला. म्हणजे माझी आजी असा सांगायची. का तो दुसऱ्या घराचा सांगायची? आता आठवत नाय रे बाबा. लय जुना झाला."

आज मी बाजीच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे आले आहे, आणि अजूनही हे मला नीट लावता येत नाही. नाव एकाचं, घर त्याचं, पण रक्त भलत्याचं. ज्यांना नाव नको होतं त्यांच्यात तो माणूस होता, आणि ज्यांनी त्याला पिढ्यान् पिढ्या मिरवलं त्यांच्यात नव्हता. खालाची आठवण खरी की कॅरलची यंत्रं खरी, की दोन्ही खरी, याचा मी पुढे अनेकदा कागदावर हिशेब मांडला आहे. दर वेळी एखादं माणूस जास्त उरतं.

घरात त्यानंतरचे दिवस फार विचित्र गेले. पाहुणे आले, सरबत आलं, आणि अमेरिकन आला नाही. अब्बा हवापाण्याचं बोलायचे. अम्मी दारातून बघायची, तिचा हात चौकटीवर असायचा, आणि ती काहीतरी बोलेल असं वाटायचं. शेजाऱ्याचं पार्सल चुकून आपल्या दारात ठेवलं जावं आणि शेजारी समोर उभा असावा, तशी तिची अवस्था झाली होती. एकदा मी तिला अब्बांना विचारताना ऐकलं, "तुमी माझ्यावर रागावलाव काय?" अब्बा म्हणाले, "तुझ्यावर कशाला रागवू? तू काय चोरलंस?" पण ते रागावलेले होते. कुणावर ते त्यांनाही ठाऊक नसावं.

मग मुकादम आले. बडे अब्बा, इम्रानचे आईवडील, इम्रान. बाजीनं मोतिया रंगाचा ड्रेस घातला होता आणि ती आत चहाचे पेले मांडत होती. अम्मीनं सकाळपासून सांदणं वाफवली होती. बोलणी नीट चालली होती. तारखेचं निघालं, हॉलचं निघालं. आणि बडे अब्बा सहज, सांदणाचा तुकडा मोडत म्हणाले, "कापडाचा व्यापार कुठल्या बंदरावरनं चालायचा तुमच्यांचा? आमच्या आजोबांचं पण गलबत होतं, ओळख निघायची एखाद्या वेळी."

अम्मीकडे तयार उत्तर असणार, असं मला वाटलं. तिच्याकडे नेहमी असायचं. ती अब्बांकडे बघत होती. अब्बा सोफ्याच्या कडेचा दोरा ओढत होते, पुढे सरकून बसले नव्हते, मागेच टेकून होते. अम्मी म्हणाली, "कापड नाय हो, बडे अब्बा. मी चुकीचा सांगितला. खलाशीच होता तो. बर्फाच्या जहाजावरचा. आणि तो यांचा नाय, माझा हाय. मी त्याच्या पोरीच्या वंशातली. तपासून घेतलंय आम्ही."

इम्रानच्या आईनं सरबताचा पेला खाली ठेवला. इम्रान हसला, चांगलं हसला, त्याला मजा वाटली असावी. पण बडे अब्बांनी आपली मान सावकाश अब्बांकडे वळवली, आणि अम्मीलाच विचारलं, "मग हे कुणाचे?"

बाजी त्याच वेळी ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत आली होती.

अब्बा म्हणाले, "ठाव नाय. एका तांडेलाचे असतील. तो बुडाला."

"असतील म्हंजे?"

"असतील म्हंजे असतील," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "त्याचा नाव कुणी ठेवला नाय."

बाजीनं ट्रे खाली ठेवला, सगळ्यांना चहा दिला, बडे अब्बांना साखर किती ते विचारलं, आणि आत गेली. मुकादम रीतीप्रमाणे बसले, रीतीप्रमाणे उठले. आम्हाला वाटलं, संपलं. पण आठवड्याभरानं त्यांच्याकडून होकार आला. इम्राननं आग्रह धरला होता म्हणे. आणि बाजी नको म्हणाली. अम्मीनं समजावलं, रडली, अब्बांनीही सांगितलं की पोरगा चांगला आहे, म्हाताऱ्याचं काय घेऊन बसलीस. बाजी तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "तुमचा तुमी बघा. मी त्या घरात रोज सकाळी त्यांना चहा देणार नाय." पुढे तिचं लग्न दुसरीकडे झालं, बरं झालं. तिनं अब्बांसाठी नकार दिला की स्वतःसाठी, हे मी तिला एकदा विचारलं होतं. तिनं मलाच उलट विचारलं की त्यात फरक काय असतो.

थंडी पडायला लागली तेव्हा एका शुक्रवारी नमाजेनंतर अब्बा आम्हा सगळ्यांना कॉर्निशला, समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, घेऊन गेले. ते असं कधी करत नसत, शुक्रवारी जेवून झोपायचे. गाडी लावून आम्ही कठड्यापाशी गेलो. पाण्याला उन्हाची तिरीप होती, पर्यटकांना फिरवणारी लाकडी गलबतं हेलकावत होती. माणसं धावत होती, फिलिपिनो बायका फोटो काढत होत्या. अब्बा आमच्यापासून थोडे पुढे गेले, पाण्याकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात उचलले. ते मयतांसाठी पढतात ती फातिहा पढत होते. धावणारा एक माणूस त्यांना वळसा घालून गेला. मला लाज वाटली, मग लाज वाटल्याचं वाईट वाटलं, आणि मीही हात उचलावे की काय ते समजेना, म्हणून मी ते अर्धवट वर धरून ठेवले.

अब्बा हात तोंडावरून फिरवून परत आले. अम्मीनं विचारलं, "कोणाच्या नावानं पढलाव?"

"त्या तांडेलाच्या. त्याला कबर पण नाय ना. आमच्यांनी कधी काय पढला नसेल त्याच्यासाठी."

अम्मीनं ओढणी डोक्यावर नीट ओढून घेतली आणि जरा चाचरतच विचारलं, "आणि माझ्या त्याच्यासाठी?"

अब्बांनी तिच्याकडे असं बघितलं, की हे काय विचारणं झालं.

"आधी त्याच्यासाठीच पढलो," ते म्हणाले. "त्यानं पोसला ना आमचा पोरगा."